कोपऱ्यातली अक्षरं

आमच्या बिल्डिंगमध्ये 'ठीक आहे' म्हणायची सोय नव्हती. तळमजल्यावरच्या काकांच्या कानावर ते गेलं की लगेच प्रश्न यायचा, "ठीक म्हणजे किती?" नळाला पाणी ठीक येतंय म्हणावं, तर बादली किती मिनिटांत भरते ते सांगायला लागायचं. आईने गुडघा आता ठीक आहे म्हटलं, तर काल कितव्या पायरीला दुखला आणि आज कितव्या पायरीला, हे आठवून सांगेपर्यंत ते जिन्यात उभे. आई त्यांच्या माघारी म्हणायची, या माणसाला उद्या देवाने विचारलं, बाबा रे, कसं चाललंय, तर हा देवालाच उलटं विचारेल, कशाच्या मानाने?

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांची माणसं अजून डोंबिवलीतच, पूर्वेला राहतात, आणि डोंबिवलीत एखाद्याबद्दल काही बोललेलं त्याच्यापर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरते.

काका ठाण्याला, कोलशेतच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार माल मोजायचा, मापात असला तर पुढे सोडायचा, नसला तर त्याला लाल रंगाचा ठिपका द्यायचा, एवढंच काम. ठिपका पडलेल्या मालाला परत कोणी हात लावत नाही, असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा फार समाधानी दिसायचा. वीस वर्षं हे केलेला माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की समोर भेंडीचा ढीग असतानाही सांगायचा, "काका, आज भेंडी नाय." काकू स्वभावाने शांत होत्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या एकदा म्हणाल्या होत्या की चहा बेताचा गोड केलाय. त्यानंतर 'बेताचा' हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात वापरला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, काकांच्या मेहुण्याने मस्कतहून त्यांच्यासाठी झूम लेन्स आणली. कॅमेरा त्यांच्याकडे आधीपासून होता. पण झूम हा शब्दच आमच्या बिल्डिंगला नवा. पस्तीसपासून सत्तर मिलिमीटर लांबीपर्यंत फिरणारी ती लेन्स बघायला बायका दुपारी वेळ काढून गेल्या, बाळंतिणीला भेटायला जातात तशा. एकीने विचारलं की यातून स्टेशन दिसतं का. दुसरीने विचारलं की यात माणूस बारीक दिसतो का. सगळ्यांना वाटलं, आता बिल्डिंगमधली बारशी-मुंजी घरच्या घरी निघणार, स्टुडिओवाल्याचे नखरे संपले.

काकांनी जाहीर केलं की आधी लेन्सची टेस्ट होईल. टेस्ट अडीच वर्षं चालली.

लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं, त्याला ॲपर्चर म्हणतात, त्याला आकडे असतात आणि आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान, इथपर्यंत आमच्या दूधवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. काकांचा सिद्धांत त्याच्या पुढचा. ते म्हणायचे, "सताड उघडं ठेवलं की कडा विरघळतात. फार मिटलं की सगळंच मऊ पडतं. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे भिंग खरं बोलतं. ती जागा शोधायची." आणि झूम असल्यामुळे ती जागा प्रत्येक लांबीला वेगळी. साधी लेन्स म्हणजे एकटा माणूस, झूम म्हणजे एकत्र कुटुंब, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा तपासावा लागतो, असं ते समजावून सांगायचे. काकू आतून म्हणायच्या, "कुटुंबाचा तपासा कधीतरी."

टेस्टची पद्धत अशी. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला वर्तमानपत्राचं एक पान चिकटवायचं. अक्षर जितकं बारीक तितकं चांगलं, म्हणून 'वधू-वर पाहिजेत'चं पान. समोर तिपाई. ती वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्या पोटाला पिशवी, पिशवीत वरवंटा. काकूंना चटणी वाटायची असली की आधी गच्चीवर जाऊन वरवंटा मोकळा आहे का, ते बघून यावं लागायचं. मग एकेका लांबीला एकेक आकडा लावून त्याच पानाचे फोटो. पान पावसाने गेलं तर मापच बदलेल, म्हणून काकांनी त्या दिवसाच्या पेपरच्या आठ प्रती घेऊन ठेवल्या होत्या. लग्नाच्या जाहिरातींच्या आठ प्रती घेणारा विवाहित माणूस म्हणून पेपरवाला त्यांच्याकडे बरेच दिवस वेगळ्या नजरेने बघत असे.

रविवारी सकाळी त्यांची मोरी बंद. आत फिल्म धुतली जायची. घरातली पोरं दात घासायला वरच्या मजल्यावर. फिल्म वाळली की काका ती गॅलरीत उजेडाला धरून, डोळ्याला भिंग लावून, अक्षरं मोठ्याने वाचायचे. पानाचा मधला भाग कोणत्याही आकड्यावर वाचता यायचा. खरी परीक्षा कोपऱ्यांची. त्यातही डावा खालचा कोपरा ही त्या लेन्सची दुखरी बाजू होती. तिथे ठाण्याच्या एका मुलाची जाहिरात होती. उघड्या भोकावर तिचा नुसता धूर दिसायचा. एक आकडा मिटवला तेव्हा 'ठाणे' दिसलं. पुढच्या महिन्यात 'पदवीधर' आलं. मग 'उंची'. पण उंची किती ते कळेना.

आता हे हसण्यासारखं आहे, पण सगळी बिल्डिंग त्या मुलाच्या मागे लागली होती. जिन्यात भेटलं की लोक विचारायचे, काका, काय म्हणतो कोपऱ्यातला मुलगा? दिवाळीच्या सुमारास 'स्वतःची जागा' वाचता आलं तेव्हा बाबांनाही बरं वाटलं. शेवटी पन्नास लांबी आणि एफ-एट, म्हणजे आठचा आकडा, या ठिकाणी सगळी जाहिरात स्वच्छ उतरली: ठाणे, नौपाडा, पदवीधर, सरकारी नोकरी, उंची पाच-सहा, स्वतःची जागा, फोटोसह लिहा, खाली घराचा पत्ता. काकांनी पेढे वाटले. टाकीच्या भिंतीजवळ जाऊन तो पेपर साध्या डोळ्यांनी वाचता आला असता, हे अडीच वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्या काळात त्यांनी माणसाचा फोटो काढलाच नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "माणूस हलतो." एकदा बिल्डिंगची सहल खडवलीला नदीवर गेली होती. तिथे सगळ्यांनी मिळून त्यांना गाठलं, एक तरी ग्रुप फोटो काढाच. काकांनी तिपाई लावली. मग लेन्सपासून सुतळी धरून प्रत्येकाच्या नाकापर्यंत अंतर मोजलं, सगळे एकाच अंतरावर यावेत म्हणून. त्यामुळे आम्ही तीस-पस्तीस माणसं नदीच्या वाळूत धनुष्यासारखी वाकड्या रांगेत उभी. ज्याच्या नाकाला सुतळी कमी पडेल त्याने अर्धं पाऊल पुढे यायचं. तेवढ्यात ऊन गेलं, मग ढग मोजणं आलं, मग एक पोर रडायला लागलं, मग दुसऱ्याला शी लागली. रांग मोडली ती मोडलीच. काका निराश झाले नाहीत. त्यांनी नदीतल्या एका खडकाचा फोटो काढला. तो खडक फार सुंदर आलाय, शेवाळाचा धागा न् धागा मोजता येतो. आमच्या सहलीची आठवण म्हणून आमच्याकडे तो खडक आहे.

फिल्म ते विठ्ठलवाडीच्या एका सिंधी दुकानदाराकडून आणायचे. तो बिचारा अडीच वर्षं त्यांना रोल विकत राहिला. एक दिवस त्याने न राहवून विचारलं, "साब, लेन्स तो अच्छा है. फोटो किधर है?" काका घरी येऊन हे चिडून सांगत होते. काकू म्हणाल्या, त्या माणसाला एकदा जेवायला बोलवा.

पुढे नव्वदीनंतर घरोघरी बटण दाबलं की झालं असे कॅमेरे आले. लोक आंधळ्यासारखे खटाखट फोटो काढत सुटले. कोलशेतचा कारखानाही त्याच सुमारास बंद पडला. काका काही दिवस लाल ठिपका द्यायला काही नाही म्हणून येरझाऱ्या घालायचे. पुतण्याने आणलेला तसला कॅमेरा त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं की याला आकडे कुठे आहेत. आकडे नाहीत, तो आपला आपण ठरवतो, असं कळल्यावर त्यांनी तो अदबीने परत दिला, परक्याचं मूल ओलं झाल्यावर देतात तसा.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, ताईचं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कल्याणला शाळेत गणित शिकवायची. लहानपणी उकळतं पाणी सांडून तिचा डावा गाल भाजला होता. डाग राहिला, रुपयापेक्षा जरा मोठा. घरात आम्हाला तो दिसायचासुद्धा नाही, इतकी सवय. पण लग्नाचा विषय निघाला की त्या डागाशिवाय घरात दुसरं काही दिसत नसे. स्टेशनजवळचा स्टुडिओवाला तिला उजवीकडून बसवायचा, आणि तरी थोडं राहिलं तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गाल साफ करून द्यायचा. तो फोटो बघून लोक यायचे. ताई समोर आली की पोह्यांची बशी हातातच राहायची. तोंडावर कोणी नाही म्हणत नसे. कळवतो म्हणायचे, आणि पंधरा दिवसांनी तोच गुळगुळीत गालाचा फोटो पाकिटातून परत यायचा. ताई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिचं जमल्याशिवाय माझा नंबर नव्हता, म्हणून मला तिच्याइतकीच घाई होती, हेही सांगून टाकते.

सातवं की आठवं पाकीट परत आलं त्या दिवशी ताई चप्पल घालून खाली गेली. मी मागोमाग. काका दारातच बसले होते.

"काका, माझा फोटो काढा," ती म्हणाली. "तुम्ही पेपरचा काढता तसा. काही लपवू नका."

काकांनी उन्हाकडे बघितलं. मला वाटलं, आता माणूस हलतो म्हणणार. पण ते म्हणाले, "पन्नासला एफ-एट. रविवारी सव्वानऊला टाकीची सावली बरोबर पडते. साडी खडीची नको, चमकते."

रविवारी तिला टाकीच्या भिंतीपुढे स्टुलावर बसवलं. वरवंटा लटकला. लेन्सपासून ताईच्या डोळ्यापर्यंत सुतळी लागली. ताईने मान सवयीने उजवीकडे वळवली तर काका म्हणाले, सरळ बघा, पेपर वळतो का? ती सरळ बसली. हसू का म्हणून तिने विचारलं. हसलात तर हलाल, असं उत्तर आलं. मग श्वास सोडायचा आणि परत घ्यायचा नाही, असा हुकूम. एकूण तीन फोटो झाले.

फोटो घरी आला आणि आई बसलीच. पापणीचा केस न् केस मोजता येत होता, आणि गालावरचा डागही, त्याच्या सुरकुतलेल्या कडांसकट. आईने तो टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, "मी आई आहे म्हणून बघवतं. लोकांना कशाला दाखवायचं?" बाबा पेपरच्या मागून बाहेर आले नाहीत. मी म्हटलं, हा पाठवलास तर कोणी येणारच नाही. म्हणजे माझंही राहिलं, हे मी बोलले नव्हते, पण ताईला ते ऐकू गेलं असावं.

"येऊन बघतातच ना," ताई म्हणाली. "मग पोहे खाऊन कळण्यापेक्षा आधीच कळू दे."

आता कबूल करते, मी तो फोटो नंतर एकटी असताना उलटा केला आणि खूप वेळ बघितला. स्टुडिओच्या फोटोत एक बरी मुलगी असायची. या फोटोत माझी बहीण होती. मला तिची लाज वाटत आली होती, आणि त्या लाजेचीच लाज वाटली.

पाठवायचा कुठे, हा प्रश्न होता. काकांना सबंध ठाणे जिल्ह्यात एकच स्थळ माहीत होतं आणि त्याचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. ताईने आठवण करून दिली की ती जाहिरात अडीच वर्षांपूर्वीची आहे. काका म्हणाले, लग्न झालं असेल तर तसं कळवतील, आणि निदान पत्ता बरोबर वाचला होता हे तरी सिद्ध होईल. तिने घरात न विचारता पाकीट टपालात टाकलं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. मुलाच्या मामांनी लिहिलं होतं. मुलाचं अजून जमायचंच आहे, फोटो पोचला, रविवारी येत आहोत. बिल्डिंगमध्ये एकच गडबड उडाली. कोपऱ्यातला मुलगा प्रत्यक्ष येणार. आईने काकांचे हात धरायचेच बाकी ठेवले. स्थळ त्यांनी आणलेलं, त्यामुळे त्या दिवशी ते आमच्या घरात बसणार हे कोणी बोलवल्याशिवायच ठरून गेलं.

मामा आले ते तरातरा जिना चढून. मागून मुलगा. दाराशी बूट काढायला त्याला वेळ लागला. त्या वर्षांत उंच टाचांच्या बुटांची फॅशन होती, पण याच्या टाचा फॅशनच्याही वर होत्या. काका दाराजवळच बसले होते. त्यांनी आधी बुटांकडे बघितलं, मग मोज्यांवर आत गेलेल्या मुलाकडे.

मुलगा गप्प होता. त्याने ताईला शाळेत कोणते वर्ग शिकवता एवढंच विचारलं, आणि विचारताना तिच्या तोंडाकडे सरळ बघून विचारलं. बाकीचं मामाच बोलले. पोहे संपवून त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "मुलगी शिकलेली, नोकरी आहे. सगळं ठीक आहे."

मी मनात म्हटलं, मेलो आता आपण.

"ठीक म्हणजे किती?" काका म्हणाले.

मामांनी हे कोण म्हणून बाबांकडे बघितलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे गालाचं ते आहेच. फोटोत तुम्ही लपवलं नाहीत, चांगलं केलंत. ते उणं आम्ही पदरात घेऊ. पण मग तुम्हीही थोडं समजून घ्यायला हवं. लग्न दोन्ही बाजूंनी तुम्ही करून द्या. आणि मुलाला एक स्कूटर."

बाबा खाली बघायला लागले. ते हो म्हणणार होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ताईलाही कळलं असणार. तिचा चेहरा फोटोतल्यासारखा झाला, श्वास सोडलेला आणि न घेतलेला.

काका उठले. शर्टाच्या खिशातून स्टीलची गुंडाळती मोजपट्टी काढली.

"उणं धरायचं असेल तर दोन्हीकडचं धरू," ते म्हणाले. "माल एकाच बाजूने तपासत नाहीत. जाहिरातीत उंची पाच-सहा आहे. एफ-एटवर अगदी स्वच्छ वाचता येते. जरा भिंतीला लागून उभे राहता का?"

आईने पदर तोंडाला लावला. मामा तांबडे झाले. आणि मुलगा, का कोण जाणे, उठला. कॅलेंडरच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काकांनी फळीवरचं ताईचं गणिताचं पुस्तक घेतलं, त्याच्या डोक्यावर आडवं धरलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि खाली बसून पट्टी लावली.

"पाच फूट साडेचार."

मामा ताडकन उभे राहिले. आम्ही इथे अपमान करून घ्यायला आलो नाही, वगैरे जे बोलायचं असतं ते बोलायला लागले. त्या गोंधळात मुलाने भिंतीपाशी उभ्या उभ्याच काकांना हळूच विचारलं, "साडेचार की चार?"

"साडेचार. अर्धा इंच तुमचा आहे, तो मी कापणार नाही."

ताई हसली. चांगला आवाज आला. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलगी आवाज करून हसली. मुलानेही मान वर केली आणि त्याच्याही चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात मामांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. बूट घालायला परत वेळ लागला. मामा तोवर खालच्या मजल्यावर पोचले होते.

नकाराचं कार्ड तिसऱ्या दिवशी आलं. फोटो मात्र आला नाही. आई म्हणाली, चार लोकांना दाखवून हसायला ठेवला असेल. बाबांनी काकांशी बोलणं सोडलं. आईने काकूंना सांगितलं की यापुढे विरजण मागायला येऊ नका. सगळी बिल्डिंग आमच्या बाजूने झाली, आणि जे लोक अडीच वर्षं जिन्यात उभे राहून मुलाची चौकशी करत होते तेच आता म्हणायला लागले की त्या माणसाचं डोकं फिरलंय हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ताईने घरात एकच सांगितलं. "आता मला बघायला कोणी यायचं नाही." ती ओरडली असती तर आईला परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. हे शेवटचं होतं, हे सगळ्यांना कळलं. मी त्या दिवशी काकांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

काकांनी टाकीवरचा पेपर काढून टाकला. तिपाई कपाटावर गेली, वरवंटा काकूंना परत मिळाला. आठ-दहा दिवसांनी ताई खाली गेली, आणि तिला एकटीला सोडवेना म्हणून मीही गेले. काका आम्हाला बसा म्हणायचंही विसरले.

"मी ती जाहिरात चारशे वेळा वाचली असेल," ते म्हणाले. "एक अक्षर पुसट राहिलं नाही. मला वाटलं, माणूस कळला. आणि जाहिरातच खोटी. भिंग तरी काय करणार?" मग म्हणाले, "तुमचं मोडलं ते माझ्यामुळे. मी गप्प बसायला हवं होतं."

"तुम्ही गप्प बसला असतात तर बाबा हो म्हणाले असते," ताई म्हणाली.

काकांचे डोळे भरून आले. ज्या माणसाला मी इतकी वर्षं हसत आले होते त्याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. काकूंनी चहा आणला. किती गोड, ते कोणी विचारलं नाही.

दोनेक महिने गेले. एका रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते तर फाटकातून कोपऱ्यातला मुलगा आत येताना दिसला. एकटा. पायात साध्या चपला. तो आमच्या जिन्याकडे आला नाही, सरळ काकांच्या दारात गेला. थोड्या वेळाने काका कपाटावरची तिपाई काढून त्याच्याबरोबर गच्चीवर चढताना दिसले. मागून काकू वरवंटा घेऊन. तासाभराने तो आला तसा निघून गेला. मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, असेल काही काम, आणि त्या दिवशी वह्या तपासताना तिच्या स्वतःच्याच तीन बेरजा चुकल्या.

पुढच्या रविवारी काका आमच्या दारात उभे राहिले, त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. आत आले नाहीत. ताईच्या हातात पाकीट देऊन म्हणाले, "तुमचं टपाल आहे. मी फक्त धुतलंय."

आत एक फोटो होता. टाकीच्या भिंतीपुढे मुलगा अनवाणी उभा, सरळ समोर बघत. त्याच्या शेजारी भिंतीवर स्टीलची मोजपट्टी वरून खालपर्यंत टांगलेली, तिची रेघ न् रेघ वाचता येत होती. कपाळावरचे केस मागे हटलेले दिसत होते. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं तेही दिसत होतं. ताईने फोटो उलटा केला. मागे बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

"उंची पाच फूट साडेचार इंच. केस जात आहेत. जाहिरात मामांनी दिली होती, पण मी ती वाचली होती आणि गप्प बसलो होतो. स्कूटर मला चालवता येत नाही. तुमचा फोटो माझ्याकडे आहे. परत हवा असल्यास कळवावे."

ताईने ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन साडी बदलून आली. आईला काही समजेना. ती म्हणाली, "अगं, आता त्यांना परत कोणत्या तोंडाने बोलवायचं?"

"त्यांना कशाला बोलवायचं?" ताई म्हणाली आणि चप्पल घालायला लागली. "मी जाते ना."

"मुलगी कधी जाते का अशी? लोक काय म्हणतील?" आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदाच दारातल्या काकांना म्हणाले, "आत या, बसा."

काका बसले नाहीत. ताईच्या मागोमाग ते जिन्याने खाली उतरले. फाटकाशी तिला थांबवून त्यांनी खिशातली मोजपट्टी पुढे केली. म्हणाले, बरोबर असू दे, गच्चीवर मोजलेलं आणि घरात मोजलेलं यात कधीकधी फरक पडतो.

ताईने ती घेतली, आणि त्यांच्याच हातात परत ठेवून त्यांची बोटं मिटवली.

"नको काका," ती म्हणाली. "आता मी बघून येते."